मालनबाईंची मोजणी

मन म्हणजे काय, भान कुठं असतं, या विषयावर मी नाशकात तीस वर्षं वाद घातला. प्राध्यापकांशी घातला, डॉक्टरांशी घातला, एकदा तर चातुर्मासात प्रवचनाला आलेल्या एका महाराजांशीही घातला. बहुतेक वाद लोंबकळत राहिले. एकच वाद कायमचा निकाली निघाला आणि त्यात मी हरले. मला हरवणाऱ्या बाई सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि आमच्या ऑपरेशन थिएटरात फरशी पुसत होत्या. त्यांचं नाव मालनबाई. या हरण्याचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा माझ्या दोन्ही पदव्यांचा मिळून नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी भूलतज्ज्ञ. लोकांच्या भाषेत भूल देणारी बाई. ऑपरेशन नीट झालं की लोक सर्जनसाठी पेढे घेऊन येतात. भूल कुणी दिली, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, निदान मी तसं म्हणायचे. पेशंटला मी आठवत नाही म्हणजे मी काम चोख केलं, असा माझा ठरलेला विनोद होता. पुढं तो माझ्याच अंगाशी आला.

१९९१ साली शरणपूर रोडवरच्या एका खासगी हॉस्पिटलात मी लागले, तेव्हा मालनबाई तिथं आधीपासून मावशी म्हणून होत्या. माहेर मखमलाबादचं, झेंडू, शेवंती आणि पालेभाजी पिकवणाऱ्यांचं. सासर पंचवटीत. नवरा सातपूरला एका कारखान्यात होता, पण त्या कारखान्याला टाळं लागलं होतं आणि घर यांच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. तृप्ती नावाची एकच मुलगी, तेव्हा शाळेत. बाई बुटक्या, काटक आणि बोलायला कुणाच्या बापाला न भिणाऱ्या. थिएटरात बांगड्या चालत नाहीत असं सर्जननं पहिल्याच दिवशी सांगितलं, तर यांनी बांगड्या कोपरापर्यंत सरकवून वरून घट्ट पट्टी गुंडाळायची तोड काढली आणि हात त्याच्या नाकासमोर हलवून दाखवला. बांगड्या वाजल्या नाहीत. मग सर्जनही गप्प बसला.

हा सर्जन म्हणजे डॉक्टर खैरनार. हात सोन्याचा, जीभ तिखट. त्याचा एक नियम होता आणि तो रास्तच होता. पोटाच्या ऑपरेशनमध्ये रक्त टिपायला कापडाच्या जाड घड्या वापरतात, आम्ही त्यांना मॉप म्हणतो. सुरुवातीला जितके मॉप घेतले तितके पोट शिवण्याआधी बाहेर मोजून दिसलेच पाहिजेत. एक जरी कमी भरला तर मोजणाऱ्यानं तिथल्या तिथं 'थांबा' म्हणून ओरडायचं. मनातल्या मनात हिशेब जुळवत बसायचं नाही. हा नियम मोडला म्हणून त्यानं आदल्या वर्षी एका मावशीला उभ्या उभ्या घरी पाठवलं होतं.

वापरलेले मॉप बादलीतून काढून, खाली अंथरलेल्या रबरी कापडावर रांगेत मांडायचे आणि मोजायचे, हे काम मालनबाईंचं. त्या मोजायच्या त्यांच्या माहेरच्या रीतीनं. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. मालनबाई मॉपही तसेच मोजत, वॉर्डातल्या चादरीही तशाच आणि चहाचे कपसुद्धा. आमची स्नेहल सिस्टर त्यांना चिडवायची, "मावशी, रक्तानं भरलेल्या कापडात कसला हो लाभ?"

"पोटातून भाईर आलं ना? मग लाभच की," मालनबाई म्हणायच्या.

दोन ऑपरेशनच्या मध्ये थिएटरबाहेरच्या बोळात आमचा चहा व्हायचा. मी स्टुलावर, त्या उलट्या घातलेल्या बादलीवर. आमच्या खऱ्या गप्पा तिथं झाल्या. मी पुस्तकं मागवून वाचणारी बाई, मेंदूवरचं जे मिळेल ते वाचायची. त्या नुसतं बघणाऱ्या. पण बघणं असं की, मी सुई दिली की पेशंट शेवटचं काय बोलला आणि शुद्धीवर येताना पहिलं काय बोलला, हे त्यांच्या पक्कं ध्यानात असायचं. पिंपळगावचा एक कांद्याचा व्यापारी लिलावाच्या तंद्रीत "साडेतीनशे" म्हणत झोपला आणि दीड तासानं डोळे उघडायच्या आत "तीनशे साठ" म्हणाला. मी हसून सोडून दिलं. मालनबाई मात्र दोन दिवस त्यावर विचार करत होत्या.

"म्याडम, एक इचारू का? तो मधला दीड तास कुठं गेला त्याचा?"

"कुठं गेला नाही. मेंदूचं बटण बंद झालं, परत चालू झालं."

"बटण बंद केलं की उजेड जातो. दिवा तर तिथंच ऱ्हातो की."

"हो, दिवा म्हणजे मेंदू. उजेड म्हणजे भान."

"मंग उजेड जातो कुठं?"

मी म्हणाले, चहा गार होतोय. मला उत्तर येत नसलं की चहा नेहमीच गार होत असे, हे त्यांना माहीत होतं.

याच सुमारास कॉलेज रोडला गर्गे सरांच्या गच्चीवर आमची रविवारची बैठक भरायची. सर तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. पाच-सात माणसं जमायची आणि भान या एकाच विषयाचा कीस पाडायची. सरांचं म्हणणं असं की, गाढ झोपेतून उठल्यावर आपण 'छान झोप लागली' म्हणतो, तर ती छान होती हे सांगणारा कुणीतरी आत जागा असलाच पाहिजे. मी म्हणायचे, सर, तुम्ही झोपेवरून बोलता, मी रोज चार माणसांना भूल देते. त्यात आत कुणी नसतं. मी विझवते, मी पेटवते, मला ठाऊक. बैठकीत हे वाक्य फार खपायचं. लोक कौतुकानं बघायचे आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

१९९५ सालच्या फेब्रुवारीत निफाडजवळच्या एका गावच्या नवसाबाई पित्ताशयाच्या खड्यांसाठी आमच्याकडे आल्या. पन्नाशीच्या, शेतात राबलेल्या, शांत बाई. सोबत मुलगा सुनील. ऑपरेशन बिनबोभाट चाललं होतं. खडे निघाले, खैरनार पोट बंद करायच्या तयारीत होता आणि मी माझ्या यंत्राशेजारी बसून त्याला आदल्या रविवारचा वाद रंगवून सांगत होते.

"गर्गे सर म्हणतात, आत कुणीतरी जागं असतं," मी म्हणाले आणि नवसाबाईंच्या कपाळावर बोटानं टिचकी मारली. "बघा ना. ही बाई आत्ता कुठंच नाही."

खैरनार हसला. स्नेहलनं विचारलं, "मावशी, मॉप किती?" खाली मालनबाईंचं पुटपुटणं चाललं होतं. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "बारा." फळ्यावर बाराच लिहिले होते. पोट शिवलं. माझं यंत्र बघताना मला दिसलं की झोपेचं औषध ज्या काचेच्या भांड्यातून वायूत मिसळतं, ते तळाशी आलं आहे. मी ते भरलं आणि पुढच्या कामाला लागले.

तिसऱ्या दिवशी सुनील माझ्यासमोर येऊन उभा राहिला. खैरनारकडे न जाता माझ्याकडे आला तेव्हाच मला नवल वाटायला हवं होतं.

"म्याडम, आई आडवीच व्हत नाय," तो म्हणाला. "भितीला टेकून बसती. डोळा लागला की दचकून उठती. म्हणती मी जागी व्हते, मला चिरत व्हते तवा मी जागी व्हते. गावाकडून मामी आली, ती म्हणती भाईरचं लागलंय, देवरुषाकडं न्या. वॉर्डातली मानसं म्हणत्यात डोक्याच्या डॉक्टरला दाखवा. तुमी सांगा तिला, की असं काय नसतं."

मी वॉर्डात गेले. नवसाबाई पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या, ताज्या टाक्यांवर. मी पदर खोचून शेजारी बसले आणि काय झालं ते सांगा म्हणाले.

"काळाकुट्ट अंधार व्हता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पापणी उचलायची म्हणलं तर उचलंना. बोट हलवायचं म्हणलं तर हलंना. पोटात वढल्यावानी व्हत व्हतं. लय दुखत नव्हतं, पन कळत व्हतं. मला वाटलं मी मेले आन् हे लोक मला तसंच पुरणार. आन् कुणीतरी बाई धान्य मोजत व्हती. लाभ, दोन, तीन. अशी अकरापतुर आली. मंग थांबली. मंग परत लाभ."

आता मला मालनबाई आठवायला नको होत्या का? आठवल्या. लगेच आठवल्या. पण डोकं तयार असलेल्या माणसाला उत्तरही तयार सापडतं. मालनबाई वॉर्डात रोज सकाळी चादरी अशाच मोजायच्या. बाईनं भुलीच्या गुंगीत ते ऐकलं असणार, त्यात शेतकरी बाई, स्वप्नात खळंच येणार. हे सगळं मी छान समजावून सांगितलं. मेंदू शुद्धीवर येताना तुकडे कसे जोडतो, स्वप्न किती खरं वाटतं, सगळं. अगदी रविवारच्या बैठकीत बोलावं तसं. मामी म्हणाली, "बघा, म्याडम सांगत्यात ना." सुनीलचा जीव भांड्यात पडला.

नवसाबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि तोंड भिंतीकडे केलं. दारात मालनबाई धुतलेल्या चादरींचा गठ्ठा घेऊन उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांनी चादरी मोजल्या नाहीत, हे माझ्या नंतर ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, पहिली केस यायच्या आधी, त्या बोळात बादली उलटी घालून बसल्या. चहा आणला नव्हता.

"म्याडम, सपनाचं एक इचारायचं हाय."

"विचारा."

"आपल्या सपनात जे येतं, ते आपल्याच डोक्यातलं असतं ना?"

"हो. पाहिलेलं, ऐकलेलं, त्याचीच सरमिसळ."

"मंग दुसऱ्याची चूक आपल्या सपनात यील का? त्यानं कुणाला सांगितलीच नाय, अशी चूक?"

"नाही येणार. कशी येईल?"

मालनबाई उभ्या राहिल्या. पट्टीखालच्या बांगड्या त्यांनी दुसऱ्या हातानं दाबून धरल्या होत्या.

"मंग ते सपान नाय," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी माझे अकराच भरले. अकराला मी थांबले. वरडायला पायजे व्हतं, मी वरडले नाय. सर पोट शिवाया बसले व्हते, मला भ्या वाटलं. परत लाभपासून मोजले तवा दोन मॉप रगतानं चिकटलेले निघाले. मंग बारा म्हणले. हे मी कुणालाबी सांगितलं नाय. घरी नाय, देवाला नाय. अन् ती बाई म्हणती अकराला थांबली. तिला कुठून ठावं?"

जागची उठले आणि कपाटातून नवसाबाईंचा भुलीचा कागद काढला. दर पाच मिनिटांनी नाडी लिहायची असते, ती मीच लिहिली होती, माझ्याच अक्षरात. अठ्ठ्याऐंशी, नव्वद, मग एकदम एकशे चौदा, एकशे अठरा, पुन्हा एकशे बारा. बरोबर त्याच वेळी, भांडं तळाला गेलं होतं तेव्हा. स्नायू ढिले करणारं औषध अंगात होतं, म्हणून बाई हलू शकत नव्हती. झोपेचं औषध मात्र संपत आलं होतं. तिचं हृदय जिवाच्या आकांतानं मला सांगत होतं आणि मी ते आकडे लिहून घेत, ती कुठंच नाही, हे खैरनारला पटवत होते.

यानंतर मी जे बोलले ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हणाले, "मालनबाई, दार लावा. आपण दोघीही गप्प बसलो तर?" मी पुढं बरंच बोलले. तुमची नोकरी जाईल, तृप्तीची दहावी आहे, तुमच्या मालकांचा कारखाना बंद आहे, खैरनार कसा आहे तुम्हाला माहीत आहे. सगळं त्यांच्याबद्दलच बोलले. माझ्या नावाबद्दल एक शब्द नाही, जणू मला त्यांचीच काळजी लागली होती.

मालनबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"ती बाई येडी ठरंल, म्याडम," एवढंच त्या म्हणाल्या.

आणि निघाल्या खैरनारच्या केबिनकडे. मी मागून धावत गेले, शिकलेली माणसं बहुधा अशीच मागून धावतात.

खैरनारनं ऐकलं आणि लाल झाला. पण माणूस हुशार. ओरडण्याआधी त्यानं विचार केला. म्हणाला, "अकराचं त्या बाईनं काल वॉर्डात सगळ्यांसमोर सांगितलं. मालनबाई दारात होत्या, म्हणता. मग मालनबाईंनी त्यावरून आज गोष्ट रचली नाही कशावरून? अजून काही सांगा. जे त्या बाईनं सांगितलेलं नाही, तुम्हीही कुणाला सांगितलेलं नाही."

मालनबाईंनी डोळे मिटले. हात पुढं करून बोटं हलवू लागल्या, जणू खाली रबरी कापड होतं. "अकराला आले. च्यक् केलं जिभेनं. मंग म्हणले, आई सप्तशृंगे, सांभाळ. मंग परत लाभ."

खैरनारनं ते एका चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलं, घडी करून खिशात घातलं, मालनबाईंना केबिनमध्येच बसायला सांगितलं आणि आम्ही दोघं वॉर्डात गेलो. विज्ञान विज्ञान म्हणून मी इतकी वर्षं टेंभा मिरवला, पण माझ्या आयुष्यातला सगळ्यात चोख प्रयोग तो होता.

त्यानं नवसाबाईंना एवढंच विचारलं, "ती मोजणारी बाई थांबली, तेव्हा काही बोलली का?"

नवसाबाईंनी आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. पुन्हा कुणी हसणार, पुन्हा कुणी समजावणार, असं त्यांना वाटलं असावं.

"बोलली," त्या म्हणाल्या. "च्यक् केलं तिनं. मंग सप्तशृंगीला हाक मारली. मला वाटलं, ही आपल्यावानीच भ्याली. तेवढाच धीर आला मला. तिच्या मोजण्यावर ध्यान लावून पडून ऱ्हायले."

खैरनारनं चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. ती वाचायची गरज नव्हती. मी नवसाबाईंचा हात हातात घेतला आणि सुनीलला, मामीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुम्ही जाग्या होतात. तुम्हाला वेडबिड काही लागलेलं नाही, बाहेरचं काही नाही. माझं औषध कमी पडलं. चूक माझी होती."

तेव्हा कुठं त्या रडल्या. बराच वेळ रडल्या. मग डोळे पुसून मला म्हणाल्या, "बाई, तुमी टिचकी मारली व्हती मला. म्हणल्या, ही बाई आत्ता कुठंच नाय. मी तिथंच व्हते ना हो."

इतके दिवस त्यांनी हे माझ्या तोंडावर म्हटलं नव्हतं. मला वाईट वाटेल म्हणून.

त्या दुपारी नवसाबाई आडव्या झाल्या आणि संध्याकाळपर्यंत झोपल्या. सुनील दाराशी बसून आल्यागेल्याला बोटानं गप्प करत होता. पुढं त्यांना पूर्ण बरं वाटायला काही महिने गेले, मी दर महिन्याला निफाडला जाऊन त्यांना भेटत राहिले. बहुतेकदा मालनबाईही यायच्या. दोघींचं असं मेतकूट जमलं की मला बाजूला बसून द्राक्षं खाण्याखेरीज काम उरायचं नाही.

खैरनारनं मालनबाईंना पंधरा मिनिटं झापलं, हेही सांगायला हवं. नियम मोडला होता आणि नियम चांगला होता. मालनबाई मान खाली घालून ऐकत होत्या. शेवटी तो म्हणाला, "उद्यापासून मोजणी मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू गेली पाहिजे. चुकलात तरी मोठ्यानं चुकायचं."

"लाभपासून?" मालनबाईंनी विचारलं.

"लाभपासून," खैरनार म्हणाला.

माझ्यासाठी नियम मीच केला. यंत्राशेजारी बसून बैठकीच्या गप्पा बंद. पेशंट भुलीत असला तरी त्याच्याबद्दल त्याला ऐकू जातंय असं धरूनच बोलायचं. मालनबाई त्याहून पुढं गेल्या. त्या पेशंटच्या कानाशी वाकून सांगायच्या, "कलाबाई, निम्मं झालं हां. आता शिवत्यात." मुंबईहून आलेला एक पाहुणा सर्जन एकदा हसला. खैरनारनं त्याच्याकडे असं काही बघितलं की पुढं तो स्वतःच पेशंटला नावानं हाका मारू लागला.

मग मी मालनबाईंना रविवारी गर्गे सरांच्या गच्चीवर घेऊन गेले. त्या कडेला उभ्या राहणार होत्या, सरांनी उठून त्यांना स्वतःची खुर्ची दिली. गोष्ट ऐकून सरांचा चेहरा उजळला. "बघा!" ते मला म्हणाले. "मी सांगत नव्हतो? साक्षी! आत जागा असतोच!"

मी मान डोलावली. हरलेल्यानं बोलू नये.

पण मालनबाई म्हणाल्या, "नाय सर. त्या दिवशी भूल कमी पडली म्हणून बाई जागी व्हती. पुरी पडली असती तर आत कोण व्हतं, ते मला ठावं नाय." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "तुमालाबी नाय. मला एवढंच कळलं, की माणूस म्हणतो मी व्हतो, तर त्याला आधी इचारून बघावं. नसतंच म्हणून बसू नये."

गर्गे सरांनी वही काढून ते वाक्य लिहून घेतलं आणि खाली तारीख टाकली. रिक्षातून परतताना माझी छाती अशी फुगली होती की बोलायची सोय नाही. मालनबाईंना मात्र तृप्तीचा अभ्यास झाला असेल का, याची काळजी लागली होती. झाला होता. पुढं तृप्ती नर्स झाली आणि शिकवणाऱ्या बाईंनी 'एक' म्हणायला लावलं तरी लाभपासूनच मोजत राहिली.

२००६ साली मालनबाईंच्याच ऑपरेशनची वेळ आली. गर्भाशयाला गाठी होत्या. खैरनार करणार, भूल मी देणार, यावर कुणाचं दुमत नव्हतं. एव्हाना आमच्याकडे नवी यंत्रं आली होती, औषध संपायच्या आधी ठणाणा करणारी. तरी आदल्या दिवशी मी तीनदा सगळं तपासलं. तृप्तीनं मला सांगितलं, "म्याडम, तुम्हीच आईपेक्षा जास्त घाबरलाय."

टेबलावर मालनबाई आडव्या झाल्या. पट्टीखाली बांगड्या होत्याच. मी म्हणाले, मोजा. त्या म्हणाल्या, "लाभ, दोन, तीन..." आणि चारला गेल्या.

पूर्ण दीड तास माझी नजर त्यांच्या नाडीवरून हलली नाही. पोट बंद करायच्या वेळी मॉप मोजायला नवी मावशी वाकली, तेव्हा मी तिला थांबवलं. माझ्या जागी माझ्या सहायक डॉक्टरला बसवलं, नाडी बघत राहा म्हटलं आणि मी गुडघ्यावर बसले. पंधरा वर्षांच्या नोकरीत मी मॉपला हात लावला नव्हता. एकेक उलगडला, मांडला आणि मोठ्यानं मोजला. लाभ, दोन, तीन. पंधरापर्यंत. एकही चिकटलेला नव्हता. मग उठून त्यांच्या कानाशी वाकले आणि सांगितलं, "मालनबाई, पंधरा भरले. सगळे भरले." खैरनार मान वर न करता टाके घालत होता, पण त्याचा मास्क हलत होता.

दुपारी त्यांनी डोळे उघडले. पाणी मागितलं, ते मिळणार नाही हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत होतं. मी पलंगाशी बसून होते. अकरा वर्षं मनात असलेला प्रश्न मी विचारला.

"काही ऐकू आलं का?"

त्यांनी घाई केली नाही. छताकडे बघत मन लावून आठवलं. शेवटी माझ्याकडे वळल्या.

"तुमी मोजलं का?"

"मोजलं. मोठ्यानं. लाभपासून पंधरापर्यंत. तुमच्या कानाशीही सांगितलं."

"काय बी ऐकू नाय आलं," मालनबाई म्हणाल्या आणि माझ्या हातावर हात ठेवला. "चारला गेले, ते आताच आले. भूल बरोबर बसली, म्याडम."

मी बाहेर आले. खैरनार, स्नेहल, तृप्ती, सगळे बोळात उभे होते. मी पर्समधून पैसे काढून वॉर्डबॉयला दिले आणि दोन किलो पेढे आणायला पाठवलं. त्या दिवशी ते भूल देणाऱ्या बाईनं वाटले.